माळ, एक्सेल शीट आणि महिन्याचं इंजेक्शन: एका स्थलांतरित मराठी कुटुंबाचं प्रकरण

या लेखातली नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण इथे कशानंतर काय घडलं हे कळलं नाही तर बाकी काहीच कळणार नाही. मी न्यू जर्सीत व्यसनाधीन व्यक्तींच्या कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करते. हे चौघं माझ्याकडे आले ते २०२२ च्या ऑगस्टनंतर. त्याआधीचं सगळं प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलं, ते मी जुळवून घेतलं आहे. जिथे जुळलं नाही तिथे तसं म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

वडील रसायनशास्त्रातले पीएचडी. १९९९ मध्ये एच-वन बी व्हिसावर आले आणि एका औषध कंपनीत गोळ्यांच्या फॉर्म्युलेशनवर काम करू लागले. पुढच्या वर्षी आई दोन वर्षांच्या नीरजला घेऊन आली. सई इथेच जन्मली, त्यामुळे ती जन्मापासून अमेरिकन नागरिक. बाकी तिघांना २०१० मध्ये ग्रीन कार्ड मिळालं.

पाच वर्षांनी, म्हणजे २०१५ मध्ये, वडिलांना नागरिकत्वाचा अर्ज करता आला असता. त्यांनी तो दोन वर्षं लांबवला. गावाकडच्या शेतजमिनीची वाटणी व्हायची होती आणि भारतीय पासपोर्ट सोडल्यावर त्यात अडचण येईल अशी त्यांना धास्ती होती. तोवर, २०१६ च्या शरद ऋतूत, नीरजला अठरा वर्षं पूर्ण झाली. ग्रीन कार्ड असलेलं मूल अठराच्या आत असताना आई किंवा वडील नागरिक झाले आणि मूल त्यांच्याजवळ राहत असलं, तर ते आपोआप नागरिक होतं. नीरजची ती संधी गेली. त्या वेळी घरात कुणाला याचं काहीच वाटलं नाही.

आईचं माहेर वारकरी. इथल्या मराठी मंडळींच्या भजनी गटात ती दर एकादशीला जाते, हरिपाठ तोंडपाठ, गळ्यात माळ. वडील देवघरासमोर हात जोडतात, पण घंटा वाजवत नाहीत, अशा प्रकृतीचे. या फरकावरून घरात कधी भांडण झालं नव्हतं.

समस्या

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मोटार अपघातात नीरजचं कॉलरबोन मोडलं आणि शस्त्रक्रिया झाली. घरी पाठवताना हॉस्पिटलने ऑक्सिकोडोन या ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या, तीस दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या संपल्यावर आणखी एकदा दिल्या. तीव्र वेदनेसाठी पहिल्या वेळी पाच दिवसांपेक्षा जास्त ओपिऑइड लिहून देता येणार नाही, असा न्यू जर्सीचा कायदा त्यानंतर काही महिन्यांनी, २०१७ मध्ये आला. तेव्हाच्या रिवाजात त्या डॉक्टरांचं वागणं वावगं नव्हतं. हाच रिवाज कसा पडला ते वडिलांना माहीत असायला हवं होतं: ऑक्सिकॉन्टिन ही ऑक्सिकोडोनचीच गोळी १९९६ मध्ये बाजारात आली, आणि २००७ मध्ये तिच्या उत्पादक कंपनीने व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. वडील याच उद्योगात होते, बातमी त्यांनी वाचलेली होती. “पण प्रिस्क्रिप्शन होतं ना,” एवढंच ते अजूनही म्हणतात.

नीरज सांगतो की खांदा दुखायचा थांबला तरी गोळीनंतर डोक्यातला गोंगाट थांबायचा, तो हवासा वाटू लागला. पुढे कॉलेजातल्या मुलांकडून गोळ्या, मग त्याही महाग पडू लागल्या तशा ‘ब्लूज’. दिसायला ऑक्सिकोडोनच्या तीस मिलिग्रॅमच्या निळ्या गोळीसारख्या, आत फेंटानिल. फेंटानिल हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट जोरदार असतं, आणि बनावट गोळीत ते किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०१९ मध्ये त्याने कॉलेज सोडलं. घरात त्याला आधी आळस म्हणाले, मग नैराश्य. २०२१ च्या जानेवारीत वडिलांना बेसमेंटमध्ये फॉइल आणि गोळ्या सापडल्या.

आधीचे प्रयत्न

पहिला प्रयत्न घरीच झाला. बेसमेंटमध्ये पाच दिवस कोंडून घेऊन, उलट्या, जुलाब, घाम, थरथर. आई पायऱ्यांवर बसून जप करायची, वडील थर्मामीटर आणि इलेक्ट्रॉलचं पाणी घेऊन खाली जायचे. ते दिवस दोघांनाही आजही अभिमानाने आठवतात. नीरज तीन आठवडे टिकला.

दुसरा प्रयत्न पेनसिल्व्हेनियातल्या निवासी केंद्रात, अठ्ठावीस दिवसांचा. हे केंद्र कुठलंच ओपिऑइड औषध न देता पूर्ण संयमावर चालणारं होतं. बाहेर पडताना त्याला एक पदक मिळालं. पुढची सोय म्हणून एका क्लिनिकचा फोन नंबर दिला, तो लागत नव्हता.

तिसरा प्रयत्न सईने घडवून आणला. ती फार्मसीची विद्यार्थिनी. तेव्हा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ओपिऑइडच्या व्यसनावरचं औषध, लिहून देण्यासाठी डॉक्टरांना वेगळी परवानगी लागायची. ही अट २०२२ च्या डिसेंबरमध्ये रद्द झाली, पण त्याला अजून वर्ष होतं. तिला चाळीस मिनिटांवरचं एक क्लिनिक सापडलं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून नीरज रोज सोळा मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवू लागला. त्याने नोकरी धरली, रात्री झोपू लागला, सईला पैसे परत केले. सात महिने हे चाललं, आणि माझ्या मते या कुटुंबाच्या हाताशी असलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती.

२०२२ चा उन्हाळा

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे प्रकरण ऐकणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, “म्हणजे आईच्या श्रद्धेमुळे औषध बंद झालं.” तसं झालं नाही.

आईने नीरज पूर्ण मोकळा होईपर्यंत भात सोडला होता. आषाढी एकादशीला, १० जुलैला, भजनी मंडळात त्याला माळ घालायची असं तिने ठरवलं. माळ घातलेला माणूस व्यसनापासून दूर राहतो हे तिने माहेरी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या मामांनी माळ घातल्यावर दारूला परत हात लावला नाही. पण जिभेखाली रोज अफूच्या जातीचं औषध ठेवणाऱ्याने माळ कशी घालायची, हा तिचा प्रश्न होता.

औषध बंद करण्याचा आराखडा मात्र वडिलांनी बनवला. एक्सेलमध्ये. मेच्या शेवटापासून सहा आठवडे, सोळावरून बारा, आठ, चार, दोन, शून्य. शेजारच्या रकान्यात घरी केलेल्या लघवीच्या चाचणीचा निकाल. त्यांचा युक्तिवाद शास्त्रीय भाषेतला होता: ब्युप्रेनॉर्फिन ओपिऑइड रिसेप्टरला (पेशीवर ओपिऑइड जिथे बसतं त्या जागेला) चिकटतं, म्हणजे ते ओपिऑइडच आहे, म्हणजे मुलगा अजून अवलंबून आहे. त्यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. हे औषध रिसेप्टरला घट्ट धरतं पण त्याला अर्धवटच चेतवतं, म्हणून ठरावीक मात्रेनंतर श्वासावरचा त्याचा परिणाम फारसा वाढत नाही, आणि ते जागा अडवून बसलेलं असताना वरून घेतलेल्या गोळीला पूर्वीसारखा जोर चढत नाही. अवलंबून असणं आणि व्यसनी असणं यांत फरक आहे. हे वडील दुसऱ्या कुठल्याही औषधाबद्दल एका क्षणात मान्य करतील.

आईला व्रत पूर्ण करायचं होतं, वडिलांना रकान्यात शून्य पाहायचं होतं. मागणी एकच होती. त्यामुळे या घरात विज्ञानाने श्रद्धेला थोपवलं नाही, तिला वेळापत्रक करून दिलं. नीरजला विचारलं तेव्हा तो ‘चालेल’ म्हणाला. क्लिनिकला कुणी कळवलं नाही. सईला शंका होती, पण “तू अजून शिकतेयस” हे उत्तर तिला दोन्ही बाजूंनी मिळालं.

आषाढीला माळ घातली गेली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, सई बेसमेंटमध्ये कपडे धुवायला गेली आणि तिला नीरज निळा पडलेला दिसला. त्याने सांगितल्याप्रमाणे त्याने फक्त एक गोळी घेतली होती, पूर्वी तो दिवसाला अनेक घ्यायचा. काही आठवडे ओपिऑइड बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते आणि जी मात्रा पूर्वी नुसती पुरायची तीच श्वास बंद करते. घरच्या डिटॉक्सनंतर, रिहॅबनंतर, तुरुंगातून सुटल्यानंतर मृत्यू जास्त होतात ते याच कारणाने.

पहिला निर्णय: ९११

सईच्या दप्तरात नॅलोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे होता. वर्गात शिकल्यावर तिने तो आणून ठेवला होता आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तिने पहिला डोस दिला आणि फोन उचलला. आई म्हणाली, “पोलिसांना नको बोलावूस, त्याचं ग्रीन कार्ड जाईल.” किती वेळ गेला यावर दोघींचं एकमत नाही.

आईची भीती अडाणीपणाची नव्हती. नियंत्रित अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला हद्दपार करता येतं. स्वतःसाठी तीस ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा एवढा काय तो अपवाद. राज्याच्या न्यायालयाने सौम्यपणे मिटवलेलं प्रकरणही, त्यात गुन्हा कबूल केला असेल तर, इमिग्रेशन कायद्यात ‘दोषी’ धरलं जाऊ शकतं. पण ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्याला आणि ज्याच्यासाठी मागितली त्याला, जवळ बाळगल्याच्या आरोपातून न्यू जर्सीचा २०१३ चा कायदा संरक्षण देतो. घरातल्या चार शिकलेल्या माणसांपैकी हे एकालाही माहीत नव्हतं. सईनेही कायद्याच्या भरवशावर नाही, तर भाऊ मरेल म्हणून फोन केला. पोलिस आले, अँब्युलन्स आली, दुसरा डोस दिला गेला. नीरजवर कुठलाही आरोप लागला नाही.

समोर असलेले पर्याय

हॉस्पिटलमधून सुटल्यावर ते माझ्याकडे आले. पहिल्या बैठकीत टेबलावर पाच गोष्टी होत्या.

पुन्हा अठ्ठावीस दिवसांचं केंद्र हा पर्याय नीरजनेच झटकला. मेथाडोन परिणामकारक आहे, पण इथे ते परवानाधारक केंद्रातूनच मिळतं आणि तेव्हा सुरुवातीला जवळजवळ रोज तिथे जावं लागायचं. त्याची नोकरी पहाटेची होती.

भारतात पाठवावं हा आईचा आग्रह. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र तिला लेखांमधून, पुलंमुळे, १९८६ पासून ठाऊक होतं, आणि मराठीतून बोलणारे समुपदेशक मिळतील हा तिचा मुद्दा मला पटला. अडचण दोन ठिकाणी होती. ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार तिथे आणि परत इथे, मध्ये खंड न पडता कसे चालू ठेवायचे याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. आणि ग्रीन कार्डधारक सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिला तर परतताना त्याच्या प्रवेशाची नव्याने तपासणी होऊ शकते. जो माणूस नुकताच ओव्हरडोसमधून वाचला आहे त्याला विमानतळावर त्या प्रश्नांना सामोरं जायला लावणं शहाणपणाचं नव्हतं.

चौथा पर्याय वडिलांचा: नाल्ट्रेक्सोनचं महिन्याचं इंजेक्शन. ते ओपिऑइड नाही, रिसेप्टर सरळ बंद करतं. त्यांच्या मनासारखं. ते ‘लॅन्सेट’मधला २०१८ चा शोधनिबंध छापून घेऊन आले होते, पिवळ्या खुणा केलेला. त्यात ५७० रुग्णांवर नाल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रेनॉर्फिनची तुलना केली होती. औषध एकदा सुरू झालं की दोन्हींचे निकाल साधारण सारखे, या वाक्याला त्यांनी खूण केली होती. मी त्यांना वरची आकडेवारी मोठ्याने वाचायला सांगितली. नाल्ट्रेक्सोन सुरूच करता आलं ते सुमारे ७२ टक्के लोकांना, ब्युप्रेनॉर्फिन ९४ टक्क्यांना. कारण नाल्ट्रेक्सोनआधी सात ते दहा दिवस ओपिऑइडशिवाय काढावे लागतात, म्हणजे बेसमेंटमधले तेच दिवस पुन्हा, आणि उतरलेल्या सहनशक्तीसह. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “हे मी वाचलं होतं.” मला ते प्रामाणिक वाटलं.

पाचवा पर्याय, ब्युप्रेनॉर्फिन पुन्हा सुरू करणं, आणि ते किती काळ याची तारीख न ठरवणं. या औषधावर किंवा मेथाडोनवर टिकून राहिलेल्या माणसाचा मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर येतो, हा या क्षेत्रातला सगळ्यात भक्कम निष्कर्ष आहे.

काय केलं

नीरजने पाचवा पर्याय निवडला, पण एक अट घातली: “रोज कुणी माझी जीभ बघणार नसेल तर.” त्यामुळे ब्युप्रेनॉर्फिनचंच महिन्यातून एकदा पोटाच्या त्वचेखाली देण्याचं इंजेक्शन घ्यायचं ठरलं. त्याला इथे २०१७ मध्ये मान्यता मिळाली. वैद्यकीयदृष्ट्या हा बारीक बदल वाटेल, घरात त्याने सगळं बदललं. मोजायला गोळ्याच उरल्या नाहीत. एक्सेल शीट नीरजच्या देखत मिटवली. घरच्या चाचण्या बंद झाल्या, क्लिनिकच्या चाचण्यांचे निकाल कुणाला दाखवायचे ते तो ठरवू लागला. व्यसनोपचाराच्या नोंदी रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय आईवडिलांनाही मिळत नाहीत, हे वडिलांना पचायला सगळ्यात जड गेलं.

आईचा पेच मी सोडवू शकत नव्हते, तो माझा प्रांत नाही. एका सहकाऱ्याचं मत होतं की माळेचा विषय उपचारात आणूच नये. मला उलट वाटलं: तो विषय आधीच उपचारात होता, फक्त बंद दाराआड होता. नीरजच्या संमतीने भजनी मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांना बोलावलं. ते तरुणपणी दरवर्षी वारीला चालत जायचे. आईने विचारलं, औषध चालू असताना माळ राहिली तर दोष लागतो का. ते म्हणाले, “वहिनी, दिंडीच्या टेम्पोत पहिली चढते ती औषधांची पेटी. आणि माळ त्याने घातलीय, हिशेब त्याचा विठ्ठलाशी. तुम्ही मध्ये कशाला?” आई रडली, आणि मग रागावली. ते दोन्ही मला आशादायक वाटलं.

कुटुंबासाठी क्राफ्ट या पद्धतीने काम केलं. तिचा गाभा असा की घरच्यांनी ना दोषी धरावं ना तोडून टाकावं, चांगल्या वागण्याला लगेच प्रतिसाद द्यावा आणि व्यसनाचे परिणाम आपण झाकू नयेत. वडिलांना नेमून दिलेली कामं आवडतात, त्यांनी ते अभ्यासासारखं केलं. नॅलोक्सोन आता स्वयंपाकघरात, मसाल्यांच्या वरच्या कप्प्यात, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी असतं. २०२३ मध्ये ते प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला मान्यता मिळाली. आईने स्वतः दुकानात जाऊन आणलं, आणि एक जादा आणून भजनी मंडळाच्या सभागृहात ठेवायला दिलं. तिथे त्यावर बरीच कुजबुज झाली म्हणे.

इमिग्रेशनच्या वकिलाची भेटही याच काळात झाली. नीरजने नागरिकत्वाचा अर्ज केव्हा करायचा, त्यातल्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं हे फक्त त्यांच्या सल्ल्यानेच, असं ठरलं.

निष्पत्ती

२०२३ च्या वसंतात नीरजने एकदा गोळी घेतली. परिणाम जाणवला नाही, तासाभरात त्याने सईला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी क्लिनिकला सांगितलं. वडिलांनी विचारलं, “मग इतके महिने फुकट गेले का?” ते गेले नव्हते, आणि तसं त्यांना समजावून सांगायला यावेळी मी लागले नाही, नीरजने सांगितलं. त्यानंतर माझ्या माहितीप्रमाणे रिलॅप्स नाही. त्याने कम्युनिटी कॉलेजात एचव्हॅक (हीटिंग आणि वातानुकूलन) तंत्रज्ञाचा कोर्स पूर्ण केला. माळ गळ्यात आहे. आईने भात अजून सुरू केलेला नाही, कारण तिच्या मते ‘पूर्ण मोकळा’ अजून झालेला नाही. यावर आम्ही सहमत नाही आणि ती माझ्याशी वाद घालत नाही. नागरिकत्वाचा अर्ज वकिलाच्या सल्ल्याने थांबवून ठेवला आहे.

काय वेगळं करता आलं असतं

शस्त्रक्रियेनंतर किती गोळ्या उरल्या, दुसऱ्यांदा का हव्यात, हे हॉस्पिटलने विचारायला हवं होतं. संयमावर चालणाऱ्या केंद्राने निदान सुटताना सहनशक्ती उतरल्याचं सांगून हातात नॅलोक्सोन द्यायला हवं होतं. पदकापेक्षा ते स्वस्त पडलं असतं.

पहिल्या क्लिनिकने आईशी बोलताना सईला दुभाषी केलं. वीस वर्षांच्या मुलीला आईला सांगायचं होतं की दादाने औषध सोडलं तर तो मरू शकतो. तिने ते ‘डॉक्टर म्हणतात सध्या चालू ठेवा’ इतकं मऊ करून सांगितलं. सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांनी दुभाषी मोफत द्यायचा असतो, मागावा लागतो इतकंच. ते ‘सध्या’ आईने आषाढीपर्यंतचं धरलं.

क्लिनिकने पहिल्या भेटीतच ‘औषध कधी बंद करणार?’ हा प्रश्न घरच्यांच्या मनात असणार हे धरून चालायला हवं होतं. तो कुणी विचारला नाही म्हणून त्याचं उत्तर घरीच शोधलं गेलं.

आणि इन्शुरन्स. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानुसार मूल सव्वीस वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहतं. नीरज २०२४ मध्ये सव्वीसचा झाला आणि हे सगळ्यांच्या लक्षात महिनाभर आधी आलं. नव्या विम्याची मंजुरी येईपर्यंत एक इंजेक्शन दहा दिवस पुढे गेलं. ते औषध शरीरातून सावकाश उतरतं म्हणून निभावलं. जिभेखालच्या रोजच्या डोसवर असता तर इतकं सहज निभावलं नसतं. आता कुणाच्याही पहिल्या भेटीत मी जन्मतारीख लिहून घेते तेव्हा शेजारी सव्वीसावा वाढदिवस लिहिते, आणि त्याच्या सहा महिने आधीची तारीख.